ओटीची भिंत भडक केशरी केली तर? कोकणातल्या घरात कुणी करून बघितलंय का

खळ्यातली_अबोली (देवगड)

नमस्कार मंडळी, बरेच महिने इथे नुसती वाचते, आज पहिल्यांदा विचारतेय. आमचं घर देवगड तालुक्यात, आजेसासऱ्यांनी बांधलेलं, जांभ्याचं, वर मंगलोरी कौलं. गेल्या पावसात मागची बाजू गळली म्हणून दिवाळीनंतर काम काढलं आणि ते वाढतच गेलं, वासे बदलले, न्हाणी नवीन झाली, ओटी आणि माजघराच्या मधल्या भिंतीचा जुना गिलावा पोकळ वाजत होता तो पाडून जानेवारीत दोन्ही बाजूंनी नवीन केला. आता रंग तेवढा राहिलाय. चतुर्थीला मुंबईहून सगळे येणार, पण रंग पावसाच्या आधी उरकायला हवा म्हणजे हातात मार्च-एप्रिल-मे एवढंच.

तर मला ओटीवरची ती मधली भिंत केशरी करायचीय. पीच नको, बदामी नको, चांगला ठसठशीत केशरी. दारात अबोली आहे आमच्या, सासूबाई सकाळी फुलं खुडून काळ्या पाटावर ठेवतात गजरा करायला, तो काळ्यावरचा केशरी ढीग मी लग्न झाल्यापासून बघतेय आणि दर वेळी वाटतं हा रंग घरात हवा. शेड कार्डवर तीन निवडलेत, एक कापलेल्या हापूससारखा पिवळ्याकडे जाणारा, एक झेंडूसारखा एकदम कडक, आणि एक भाजलेल्या कौलाच्या जवळचा.

भिंत बारा फूट लांब दहा फूट उंच, समोर ओटी उघडी आणि पश्चिमेला समुद्र. जमीन लाल कोब्याची. झोपाळा फणसाच्या लाकडाचा. नवरा म्हणतो दुकानासारखं दिसेल, सासूबाई म्हणतात मठासारखं दिसेल, शिवाय गणपती याच भिंतीला बसतो त्यामुळे त्यांचं म्हणणं मला डावलायचं नाहीये. कुणी खरंच केलंय का असं? नुसतं छान दिसेल किंवा नको गं असं सांगू नका प्लीज, काय झालं ते सांगा.

पडवीतून (गुहागर)

मी केलंय, दोन वर्षं झाली, आणि पहिल्या वेळी चुकलंय, म्हणून सविस्तर लिहितो.

आमची पण पश्चिमेकडची खोली, मोठी खिडकी, समुद्र दिसतो. मी तुमच्या झेंडूसारखाच रंग घेतला. सकाळी एकदम मस्त, शांत, दुपारपर्यंत काही तक्रार नाही. चार वाजले की ऊन आडवं होऊन खोलीत शिरायचं आणि ते ऊन स्वतःच केशरी असतं हे मी धरलंच नव्हतं. केशरी भिंतीवर केशरी ऊन. साडेपाचला भिंतीकडे बघवायचं नाही, पांढरी सिलिंग पण केशरी दिसायची, समोर बसलेल्या माणसाचा चेहरा तापल्यासारखा. आईला बीपीचा त्रास, ती म्हणायची या खोलीत गरम होतं. थर्मामीटर लावून बघितला, शेजारच्या खोलीएवढंच तापमान, म्हणजे रंगाने खोली तापत नव्हती, डोळ्याला तसं वाटत होतं, पण तिथे बसणारीला जे वाटतं तेच खरं ना.

दुसरी गोष्ट, वर्षाने कॅलेंडरची जागा बदलली तर खाली चौकोन गडद आणि बाकीची भिंत उतरलेली. भडक केशरी बहुतेक ऑरगॅनिक, म्हणजे कारखान्यात बनवलेल्या कार्बनी पिगमेंटचे असतात, रोजच्या थेट उन्हाने उडतात. गेरूसारखे मातीचे रंग म्हणजे आयर्न ऑक्साइड, ते उडत नाहीत. तुमचा तिसरा, कौलाच्या जवळचा, बहुतेक त्या ऑक्साइडवाल्यांच्या जास्त जवळ असेल. दुकानात विचारा कुठले टिंट पडतात त्यात, मशीनच्या स्क्रीनवर दिसतं, सांगतात.

मग मी ती भिंत पुन्हा पांढरी केली आणि केशरी आत नेला, जिथे थेट ऊन येत नाही अशा जेवणाच्या खोलीत. तिथे मात्र तोच रंग इतका सुंदर दिसतो की बाहेरची माणसं येऊन हात लावून बघतात. संध्याकाळी दिवा लावला की ताटातली आमटीसुद्धा जास्त चांगली दिसते, हे मी मनापासून सांगतोय. फक्त दिव्याचं बघा, पांढऱ्याफेक ६५०० केल्विनच्या एलईडीखाली केशरी मळका, विटकरी होतो आणि २७०० च्या पिवळ्याखाली परत अंगावर येतो. मला ४००० वाला बरा वाटला.

तर माझं म्हणणं, रंग सोडू नका, भिंत बदला.

रंगाचो_डबो (कुडाळ)

मी पेंटर आहे, कुडाळ-मालवण-वेंगुर्ले बाजूला बावीस वर्षं हेच काम. ताई तुम्ही रंगाचं विचारलंत, मी आधी भिंतीचं विचारतो. आमचे मिस्त्री म्हणायचे, "खंयचो पन रंग लाव, भिंत सुकी होयी."

जांभा म्हणजे स्पंज हो. पावसात पाणी पितो आणि महिने महिने सोडत राहतो. त्यावर सिमेंटचा गिलावा केला की पाण्याला बाहेर यायची वाट कमी, मग ते जिथून जमेल तिथून येतं आणि येताना क्षार घेऊन येतं. पांढऱ्या भिंतीवर ते क्षार दिसत नाहीत, केशरीवर दिसतात, मीठ शिंपडल्यासारखे. मग गिऱ्हाईक म्हणतं रंग खराब दिला. रंग चांगलाच असतो, ओल जुनी असते.

घरच्या घरी करायची टेस्ट सांगतो. प्लॅस्टिकचा दोन फूट बाय दोन फूट तुकडा घ्या, दुधाच्या पिशव्या कापून जोडल्यात तरी चालेल, चारी बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीला घट्ट लावा, एक दिवस एक रात्र ठेवा. खाली एक, मध्ये एक, आणि न्हाणीच्या बाजूला भिंतीचं टोक येत असेल तर तिथे एक नक्की. काढल्यावर भिंतीकडच्या बाजूला दव धरलेलं दिसलं तर पाणी भिंतीतून येतंय. मग थांबायचं. नवीन गिलाव्याला तसेही कमीत कमी अठ्ठावीस दिवस द्यावे लागतात, तुमचे झालेत, पण जांभा अठ्ठावीस दिवस मोजत नाही.

आता रंग. केशरी, लाल, कडक पिवळा, हे झाकत नाहीत. फिकट शेड ज्या पांढऱ्या बेसमध्ये (टिंट मिसळायच्या मूळ रंगात) निघतात त्यात टिटॅनियमची पांढरी पूड भरपूर असते, ती झाकते. कडक शेड डीप बेसमध्ये निघते, त्यात ती अगदी थोडी, त्यामुळे खालचं दिसत राहतं. दोन हातांत होईल असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. मी पांढऱ्या प्रायमरवर केशरी कधी मारत नाही, प्रायमरच्या शेवटच्या हातात यलो ऑक्साइडचं स्टेनर (घट्ट पिवळा रंग) टाकून तो हळदुवा करून घेतो, मग वरून तीन हात. स्टेनर बेताने, जास्त झालं तर नीट सुकत नाही. बारा बाय दहाला तीन हातांसाठी चार लिटर धरा, थोडा उरतो, तो टचअपला ठेवायचा. सगळा रंग एकाच दिवशी एकाच दुकानातून घ्या आणि दोन डबे असतील तर एका बादलीत एकत्र करून मग रोलर बुडवा. पांढऱ्यात फरक कळत नाही, केशरीत मधोमध जोड दिसतो.

आणि चकचकीत फिनिश घेऊ नका. आपल्या भिंती हाताने ओढलेल्या, गुण्यात नसतात, चकाकी आली की प्रत्येक खड्डा बोलतो. पण एकदम सपाट मॅटपण नको, गडद मॅटवर पाठ घासली की पांढरट ओरखडा राहतो, तिथे झोपाळा आहे म्हणता. मधला, साटिनसारखा घ्या.

अजून एक, पहिल्या गिलाव्यावर चुना होता तो सगळा निघाला ना? जुन्या चुन्याचा पातळ थर कुठे राहिला असेल तर त्यावर इमल्शन धरत नाही, एका पावसात पोपडे. पत्र्याने खरडून बघा.

माजघर_१९५८ (वेंगुर्ले)

रंगाच्या डब्याने बरं सांगितलंन. मी वयाने मोठी आहे म्हणून जरा वेगळं सांगते हो बाळ.

कडक रंग आपल्याकडे नवीन नाही. आमच्या लहानपणी भिंतीला चुना आणि खाली दीड हात गेरूचा पट्टा असायचा, पडवीत, ओटीवर, तुळशीवृंदावनाला. तो पट्टा शोभेचा नव्हता नुसता. जमीन सारवताना शेणाचे हात भिंतीला लागायचे, पावसात चिखल उडायचा, पोरं पाय लावून बसायची, हे सगळं गेरूत दिसत नसे. आणि खालून ओल चढायची ती त्या दीड हातातच असायची, दरवर्षी चतुर्थीच्या आधी तेवढाच पट्टा नव्याने ओढला की घर नवं. चुना आणि गेरू दोन्ही भिंतीला श्वास घेऊ देतात, पाणी आत कोंडत नाही.

आता गणपतीचं. तू म्हणतेस गणपती त्याच भिंतीला बसतो. मग सासूबाईंचं ऐक, पण मठासारखं दिसेल म्हणून नाही. मूर्तीकडे बघ. पीतांबर पिवळा नाहीतर केशरी, शेला लाल, मुकुट सोन्याचा, कांती गुलाबीसर. मागे केशरी भिंत आली की मूर्ती भिंतीत विरघळते. आमच्या जावेने एका वर्षी मागे झेंडूच्या रंगाचा पडदा लावला होता, आरतीला उभं राहिलं तर देवाचे हात कुठे संपतात कळत नव्हतं. मागे पांढरं, हिरवं नाहीतर निळं असलं की मूर्ती पुढे येते. वरती माटवीला (गणपतीवरच्या लाकडी चौकटीला) कवंडळं (रानवेलीची फळं), आंब्याचे टाळे, सुपारीचे घड, नारळ असतात, त्या कवंडळांचा केशरी किती उठून दिसतो, कारण तो हिरव्यात चार ठिकाणीच असतो.

आणि तुमच्याकडे गणपतीची भिंत दरवर्षी रंगवतात की नाही? आमच्या सिंधुदुर्गात पुष्कळ घरांतून अजून कुणीतरी येऊन वेलबुट्टी, मोर, कमळं काढतो. ती चित्रं काढायला भिंत पांढरी लागते. केशरीवर काय काढणार तो. ती भिंत देवाची राहू दे, तुझा रंग दुसरीकडे ने.

सुरंगी (मालवण)

माझ्या आजोबांनी दाराला आणि खिडकीच्या गजांना शेंदूर तेलात कालवून लावलेला, तो रंग अजून टिकलाय. बाजारात शेंदूर मिळतो, चुन्यात थोडा घातला तर हवा तसा केशरी मिळणार नाही का? मशीनच्या रंगाला तो तजेला नसतो असं मला वाटतं.

पडवीतून (गुहागर)

सुरंगी, कृपा करून हे करू नका. शेंदूर म्हणजे शिशाचं ऑक्साइड. लोखंडाला गंज लागू नये म्हणून पूर्वी रेड लेडचा हात मारायचे तोच पदार्थ. भिंतीवर लावला की हळूहळू पावडर होऊन खाली येणार, रांगतं मूल ते बोटाने तोंडात घालणार, आणि शिसं मुलांच्या मेंदूवर परिणाम करतं, त्याची सुरक्षित अशी मात्रा नाही. जुने कडक केशरी आणि पिवळे ऑइलपेंटसुद्धा लेड क्रोमेटचे असायचे. आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमच्या वर नसावं असा नियम लागू झालाय. नवीन डबा घेताना त्यावर लिहिलेलं वाचून घ्या.

आणि आजोबांचं ते दार पॉलिश पेपरने कोरडं घासू नका, धुळीतूनच सगळ्यात जास्त पोटात जातं. रंग घट्ट असेल तर तसाच राहू द्या, वरून नवीन हात मारा.

सुरंगी (मालवण)

हे मला खरंच ठाऊक नव्हतं. घरात दीड वर्षाची भाची आहे, ती त्याच दाराला धरून उभी राहते. उद्याच बघते कुठे सुटलाय का रंग. धन्यवाद.

खळ्यातली_अबोली (देवगड)

सगळ्यांना आधी मनापासून नमस्कार, आठवडाभर लिहिलं नाही कारण तुम्ही सांगितलेलं एकेक करून बघत होते.

प्लॅस्टिक तीन ठिकाणी लावलं. मध्यावर कोरडं. खाली ओटीच्या बाजूला अगदी किंचित धुरकट. आणि न्हाणीकडच्या टोकाला, डबो दादांनी सांगितलं तिथेच, सकाळी काढलं तर आतून थेंब लोंबत होते! नवीन न्हाणीचा पाइप भिंतीत घेतलाय त्याचा एक जॉइंट झिरपत होता, काम केलेल्यांना बोलावलं, आधी ते ओल जुनी आहे म्हणाले, मग फरशी काढल्यावर दिसलंच. दुरुस्त झालं, पण आता ते टोक वाळेपर्यंत थांबणार. रंग मारून मोकळी झाले असते तर पहिल्या पावसात सगळं वर आलं असतं.

दुसरं, मी शंभर शंभर मिलीचे तीन नमुने आणून पुठ्ठ्यावर दोन दोन हात मारले आणि पुठ्ठे ओटीवर टेकवून ठेवले, सकाळी आठ, दुपारी एक, संध्याकाळी सहा. कार्डवर बोटाच्या पेराएवढा तुकडा दिसतो तो आणि दोन फुटांचा पुठ्ठा यात इतका फरक असतो हे स्वतः बघितल्याशिवाय कळत नाही. झेंडूवाला सहा वाजता बघवेना, पडवीतून यांनी लिहिलं ते शब्दन् शब्द खरं. शिवाय लाल कोब्यावर तो उभा केला की दोघं भांडतात, जमीन मळकी दिसायला लागते. हापूसवाला फणसाच्या झोपाळ्यामागे गेला की झोपाळा दिसेनासा होतो, लाकूड आणि भिंत एकच.

मग माजघर आजींचं वाचून एकदम सुचलं. त्याच भिंतीची दुसरी बाजू! माजघरातली. तिथे थेट ऊन नाही, एकच छोटी खिडकी मागच्या पडवीत उघडणारी, आणि कौलांत एक काचेचं कौल. कितीही पांढरा रंग द्या तिथे तो करडाच दिसतो, लग्न झाल्यापासून मी तो अंधार बघतेय. पुठ्ठे आत नेले. कौलाच्या रंगाचा तिसरा पुठ्ठा ठेवला आणि स्वयंपाक करायला गेले, साडेअकराला परत आले तर काचेच्या कौलातून ताटाएवढा उन्हाचा तुकडा बरोबर त्या पुठ्ठ्यावर आला होता, आणि समोरच्या पांढऱ्या भिंतीवर, उतरंडीच्या मडक्यांवर, तांब्याच्या हंड्यावर सगळीकडे त्याची झाक. सासूबाई तांदूळ निवडत होत्या, त्यांनी मान वर केली आणि म्हणाल्या, "अबोलीसारखं दिसतंय." मी त्यांना अबोलीचं काही बोलले नव्हते.

तर ठरलं असं, ओटीची बाजू पांढरी, चुन्याची, खाली दीड हात गेरूचा पट्टा, आणि चतुर्थीला वर चित्रं काढून घ्यायची, आमच्याकडे आठ-दहा वर्षं ते बंद पडलं होतं. माजघराच्या बाजूला कौलाचा केशरी, वरपासून खालपर्यंत, बाकीच्या तीन भिंती पांढऱ्या.

डबो दादा, दोन शंका. ओटीच्या बाजूला नवीन सिमेंटचाच गिलावा आहे, त्यावर चुना धरेल का? आणि केशरी भिंतीतल्या दाराच्या चौकटीला जुना हिरवा ऑइलपेंट आहे तो ठेवू का काढू?

रंगाचो_डबो (कुडाळ)

नमुने पुठ्ठ्यावर केलेत ते लय बरं केलंत, लोक भिंतीवरच तीन चौकोन ओढतात आणि मग ते कडक चौकोन वरच्या हातांतून दिसत राहतात.

चुना सिमेंटवर धरतो, भिंत खरखरीत हवी. त्या बाजूला पुट्टी अजिबात लावू नका, गुळगुळीतावर चुना धरत नाही. आधी भिंत पाण्याने ओली करा, चुना पातळ, ताकासारखा, तीन-चार हात, प्रत्येक हाताला एक दिवस. चुनकळी (भाजलेल्या चुन्याचे खडे) घरी पाण्यात विरवणार असाल तर लोखंडी पिंपात करा, प्लॅस्टिकची बादली वितळते, आणि पोरांना लांब ठेवा, उकळतं ते. विरवलेला निदान आठवडाभर झाकून ठेवून मग वापरा. डिंकाचं पाणी थोडं घातलं की हाताला पांढरं लागत नाही.

हिरवी चौकट ठेवा. केशरीत जुना हिरवा चांगला बसतो, अबोलीला पानं हिरवीच असतात. जुना ऑइलपेंट आहे म्हणून वर शिशाचं लिहिलंय ते ध्यानात ठेवा, घासायचाच असेल तर पाण्याचा कागद घेऊन ओला घासा, धुऊन पुसा, वरून तोच हिरवा एक हात.

आणि न्हाणीच्या टोकाला पंधरा दिवसांनी परत प्लॅस्टिक लावा. ते कोरडं निघालं की मग दुकानात जा, आधी रंग काढून ठेवू नका, डबा पडून राहिला की तळाशी बसतो.

माजघर_१९५८ (वेंगुर्ले)

चित्रं काढणारा आतापासून सांगून ठेव गं, श्रावणात सगळ्यांना एकदमच हवा असतो. आणि गेरू दळलेला घेऊ नको, खडा आण, रात्री भिजत घाल.

खळ्यातली_अबोली (देवगड)

गेरूचे खडे आजच जामसंड्याच्या बाजारातून आणले, दोन किलो पुरतील ना बारा फूट पट्ट्याला? परवा पंधरा दिवस होतायत, तेव्हा प्लॅस्टिक पुन्हा लावतेय, कोरडं निघालं की इथेच कळवते.